दोन बोटं सोडून कापा

कुली आणि रानकांदा यांच्यातला फरक मी सव्वीस वर्षं शिकवला. चिंचवडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. फळ्यावर रंगीत खडूंनी दोन्हींची चित्रं काढायची, मुलं ती वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत चार गुणांना तो प्रश्न हमखास यायचा. पास झालेल्या एकाही मुलाला डोंगरावर यातलं एकही झाड ओळखता आलं नसतं. फुलं नसतील तर मलाही आलं नसतं, पण ही गोष्ट मी तेव्हा कुणाजवळ कबूल केली नसती. नाकाने कांदे सोलणारी बाई अशी माझी स्टाफरूममध्ये ख्याती होती आणि मला ती आवडायची.

दोन्ही झाडं एकाच कुळातली. कुलीला पावसाळ्यात छोटी पांढरी फुलं येतात. रानकांद्याचं सगळं उलटं. भर उन्हात, एप्रिल-मेमध्ये, पानाचा पत्ता नसताना भुईतून एक उघडा दांडा वर येतो, त्याला मळकट फुलं येतात आणि गळून जातात. मग पाऊस पडला की नुसती पानं फुटतात. म्हणजे जून महिन्यात, कुली कोवळी असते आणि तिची भाजी करतात त्या दिवसांत, दोघींचीही फुलं नसतात. असतात ती लांब, चपटी, हिरवी पाती. एकीची पाती लसूण-मिरचीची फोडणी देऊन भाकरीबरोबर खातात. दुसरीची पाती पोटात गेली तर हृदयाचे ठोके कमी कमी होत जातात.

मातीखाली मात्र गोंधळाला जागा नाही. कुलीला जाड पांढऱ्या मुळ्यांचा झुबका असतो. दुसरीला कांदा.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही मी ते पत्रक लिहिलं.

पाच जूनला, पर्यावरण दिनाला, चाकणच्या एका कंपनीने सभागृहात रानभाज्यांचा कार्यक्रम ठेवला होता. कामगारांच्या बायका, बचत गट, आजूबाजूच्या वाड्यांमधल्या शेतकरी बायका असा दोनेकशे जणींचा जमाव. माझं पत्रक गुळगुळीत कागदावर रंगीत छापलं होतं, प्रती दोन हजार. वर कुलीचा फुलासकट फोटो, खाली सात सूचना, आणि चौथी सूचना लाल अक्षरांत: ‘मुळं उपटू नका. जमिनीपासून दोन बोटं सोडून पाती कापा.’ ही सूचना माझी लाडकी होती. टेकड्या कशा ओरबाडल्या जातात हे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि त्याचा मला मनापासून राग होता. रानकांद्याबद्दल दोन ओळी मी आधी लिहिल्या होत्या. शेवटी जागा कमी पडली. कंपनीचं बोधचिन्ह मोठं हवं होतं, मी म्हटलं, असू दे.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. नऊवारी, डोक्यावर पदर, गळ्यात चष्म्याची दोरी. ती सरुबाई. पिराच्या टेकडीखालच्या वाडीत तिचं घर. जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यांवर तिच्या मुलांनी कामगारांना भाड्याने द्यायला तीन चाळी बांधल्या. तिला कुणी माईक दिला तर तिने तो बाजूला सारला.

“बाई, कागुद चांगला हाय. पर जागा बदलली की पयली येक तरी उपटून बघावीच लागती. न्हाईतर कळायचं कसं, भाजी हाय का कांदा? दोघी जावा हायेत त्या. तोंडावर पदर घेऊन बसल्या तर सासूलाबी वळखायच्या न्हाईत.”

बायका खळखळून हसल्या. त्या हसण्यात माझ्याबद्दल काही नव्हतं, पण मला ते झोंबलं. तासभर मी बोलत होते तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

“आजी,” मी म्हटलं, “एक एक म्हणत तुम्ही लोकांनीच टेकड्या बोडक्या केल्यात. आता जरा शास्त्र ऐका.”

टाळ्या पडल्या. सरुबाई “बरं बाई,” म्हणाली आणि खाली बसली. मला वाटलं, जिंकले.

त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यांत पुढे कस्तुरा होती. बीडकडची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. नवरा नवनाथ चाकणला प्रेसशॉपमध्ये कंत्राटी कामगार. गावाकडच्या घोळ, पाथरी, तांदुळजा तिला झोपेतही ओळखता आल्या असत्या, पण कुली तिने जन्मात पाहिली नव्हती. पत्रक तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलं होतं. आम्ही बायकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला, एकशे चाळीस जणींचा, आणि त्यात रोज काही तरी विचारणारी ही एकटीच. अशी विद्यार्थिनी मला कॉलेजात कधी मिळाली नाही. तिचा मला फार अभिमान वाटायचा.

जूनच्या शेवटच्या आठवड्यातला सोमवार. संध्याकाळी सहा वाजता मी रावेतला आमच्या आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत चहा पीत बसले होते. कस्तुराचा फोटो आला. ओट्यावर हिरव्या पातीची जुडी, शेजारी विळी. ‘मॅडम आज पहिल्यांदा कुली आणली.’

मी फोटो मोठा करूनही पाहिला नाही. अंगठा पाठवला आणि लिहिलं, ‘शाब्बास! मुळं शिल्लक ठेवलीस ना?’

‘हो मॅडम. दोन बोटं सोडून.’ पुढे हात जोडल्याचं चित्र.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला तिचा फोन आला.

“मॅडम, ह्यांना लई उलट्या व्हायल्यात. थर्ड शिफ्ट करून सात वाजता आले, भाकर-भाजी खाल्ली अन् झोपले. अकराला उठले ते ओकायलेच. मला काई सुधरंना.”

“तू खाल्लीस का भाजी?”

“मला आज अंगारकी हाय ना. कडक उपास.”

माझ्या तोंडून पहिला प्रश्न तोच का आला? मी तिला म्हटलं, जागरणाने पित्त झालं असेल, दवाखान्यात ने, मी निघालेच. पण पित्ताच्या माणसासाठी कुणी भरल्या ताटावरून उठून गाडीची किल्ली शोधत नाही.

देहूरोडपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते. कुली विषारी नसते. कस्तुरा हुशार आहे. तळवड्याच्या चौकात कंटेनर आडवा झाला होता, पाऊण तास गाडी जागची हलली नाही. तिथे मी फोन काढला आणि तो कालचा फोटो बोटांनी मोठा केला. पाती होती. लांब, हिरवी. पुन्हा पुन्हा पाहिली. कुलीच्या पातीचा बुडखा पांढुरका, कधी गुलाबी असतो, तेवढं दिसलं असतं तरी काही अंदाज आला असता. बुडखा फोटोत नव्हता. तो त्या दोन बोटांत राहिला होता, टेकडीवर, माझ्या सांगण्यावरून. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता आणि मला पुढे रस्ता मोकळा झालेला कळला नाही.

चाकणमधलं ते हॉस्पिटल तसं लहानच, पण अतिदक्षता विभाग होता. नवनाथ खाटेवर पडला होता, छातीला वायरी लावलेल्या. धिप्पाड माणूस, काही तासांत चेहरा मातीचा झालेला. मला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला.

“मॅडम,” तो म्हणाला, “ती ट्यूबलाइट पिवळी का दिसायली? तिच्याभवती कडं हाय.”

मी वर पाहिलं. ट्यूब पांढरी होती.

प्रकाशाभोवती पिवळं कडं. हृदयावर काम करणाऱ्या वनस्पती शिकवताना ही ओळ मी दरवर्षी सांगायचे, आणि मुलं आणखी एक लक्षण म्हणून तिच्याखाली रेघ मारायची.

डॉक्टर तरुण होते, पस्तिशीच्या आतले. त्यांनी मला बाहेर बोलावलं. नाडी अडतीस, आणि उतरतेय, म्हणाले. मी त्यांना रानकांद्याचं सांगितलं. भराभर सांगितलं, शास्त्रीय नावासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे ह्यांनी तो खाल्लाय?”

“खाल्ला असू शकतो.”

“मॅडम, असू शकतो म्हणून मला भागायचं नाही. रक्तातलं पोटॅशियम वाढलंय. एरवी मी आत्ता कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं असतं. पण हृदयावरचं विष असेल तर ते देऊ नये असं आम्हाला शिकवलंय, हृदय तिथल्या तिथे थांबू शकतं. आणि विष नसेल अन् मी दिलं नाही, तरी थांबू शकतं. तुम्ही म्हणता, कुली आणि हे सारखंच दिसतं. भाजी शिल्लक आहे?”

कस्तुराने डबा आणला होता. शिजलेली, हळदीची, लसूण घातलेली भाजी. त्यात कोण कुली आणि कोण रानकांदा हे सांगणारा माणूस अजून जन्मायचा होता. तरी मी ती चिवडत बसले.

“तुम्ही ह्यातल्या तज्ज्ञ आहात,” डॉक्टर म्हणाले. “देऊ का नको, तेवढं सांगा.”

सव्वीस वर्षांत मला कुणी इतका साधा प्रश्न विचारला नव्हता. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा. मी म्हटलं, “एक तास थांबता येईल?”

“तोवर दुसऱ्या औषधांवर धरून ठेवतो. तासाच्या वर नाही.”

कापलेली झाडं कुठली हे फक्त कस्तुराला माहीत होतं. तिला नवऱ्याच्या खाटेपासून उठवताना मला तिच्या डोळ्यांकडे बघवलं नाही. गाडीत तिने पर्समधून ते पत्रक काढलं आणि मांडीवर उलगडून वाचत बसली, एकेक ओळ, बोट ठेवून. आपलं कुठे चुकलं ते ती शोधत होती.

टेकडीचा रस्ता वाडीतूनच जातो. कस्तुराची खोलीही तिथेच, सरुबाईच्या पहिल्या चाळीत. सरुबाई पायरीवर तांदूळ निवडत होती. मी गाडीतून उतरले आणि म्हटलं, “सरुबाई, एक खुरपं हवंय.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कस्तुराकडे. सूप बाजूला ठेवलं.

“नवनाथनं कांदा खाल्ला?”

“बहुतेक.”

“बहुतेक न्हाई. चला, बघू या.” आत जाऊन तिने खुरपं आणलं, ते माझ्या हातात न देता स्वतःच्या कमरेला खोचलं आणि चालायला लागली. चढावर मला दम लागला होता, तिला नाही. पुढे बघतच ती बोलली, “काल जिन्यात हिच्या हातात जुडी बघितली मी. म्हनलं, उपटून बघितली का गं? तर म्हनली, मॅडम नगं म्हनल्यात. मंग मी गप ऱ्हायले.”

“एवढंच बोलून गप्प राहिलात?” माझा आवाज चढला. या वेळीसुद्धा.

“व्हय. दोनशे बायकांम्होरं तुमी माझं त्वांड बंद केलंत. आन् माझं बी चुकलं, मला राग आला हुता. म्हनलं, शिकल्याली मानसं हायेत, आपुन कशाला बोला.” थोडं चालून ती म्हणाली, “त्या रागापायी मी पोराचा जीव टांगला, बाई. तुमी येकटीनं न्हाई.”

मी तिच्या मागून चढत राहिले.

कस्तुराने तीन जागी कापणी केली होती. पहिली जागा पळसाखाली. तिथे कापलेले खुंट रांगेने दिसत होते, प्रत्येक बरोबर दोन बोटं उंच. इतकं नीट काम मी कुठल्या प्रयोगशाळेत पाहिलं नव्हतं. सरुबाईने एक खुंट खुरप्याने सैल करून उपटला. पांढऱ्या जाड मुळ्यांचा झुबका बाहेर आला.

“कुली,” मी म्हटलं.

सरुबाईने तो झुबका परत खड्ड्यात ठेवला, माती ओढली, अंगठ्याने दाबली. “पयली उपटायची, बघायची, परत लावायची. आमच्या आईची रीत. परत लावली की धरती ती. तुमाला कुनी सांगितलं, आमी फेकून देतो म्हनून?”

कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

दुसरी जागा खडकाच्या सावलीत. तिथेही कुली. दोन उपटल्या, दोन्ही कुली. माझ्या मनात नको ते चाललं होतं. कुलीच निघू दे. म्हणजे माझं पत्रक सुटेल. आणि लगेच दुसरं: कुलीच असेल तर इंजेक्शन द्यायला सांगावं लागेल, आणि आपण चुकलो तर? घड्याळात पावणेचार झाले होते. तास संपायला पंधरा मिनिटं. मी फोन हातात घेतला.

“थांबा,” सरुबाई म्हणाली. “कस्तुरे, तिसरी जागा कंची?”

कस्तुरा घुटमळली. “तिथं थोडीच कापली आजी. जुडी भरंना म्हणून.” तिने हात दाखवला. टेकडीच्या उतारावर एका गोदामाची नवी संरक्षक भिंत आली आहे, तिच्या कडेला जेसीबीने माती उकरून टाकली होती. त्या भुसभुशीत मातीत पाती दाट उगवली होती, रसरशीत, पळसाखालच्यापेक्षा सरस.

सरुबाई तिथे पोचायच्या आधीच थबकली. “हितं मे म्हैन्यात दांडे आलेते. उघडे. मी शेरडामागं आलेते तवा बघितलेते.”

या वेळी खुरपं मी मागून घेतलं. गुडघ्यावर बसून एका खुंटाच्या भोवतीची माती काढली. चार बोटं खाली गेल्यावर खुरप्याला काही तरी मऊ लागलं आणि पात्यावर चिकट रस आला. हाताने ओढलं. मुठीएवढा पांढरा कांदा माझ्या हातात आला. रस लागला तिथे हाताला खाज सुटली.

मी डॉक्टरांना फोन लावला. “रानकांदा आहे. कॅल्शियम देऊ नका.”

“नक्की?”

“माझ्या हातात आहे. फोटो पाठवते.”

“ठीक आहे. मी पिंपरीला हलवतो त्यांना, पेसमेकर लागेल. बायकोला पाठवा.”

मी फोटो काढून पाठवला. या वेळी मुळाचा.

कस्तुरा त्या कांद्याकडे बघत उभी होती. रडत नव्हती. “मॅडम,” ती म्हणाली, “मी तर कागदावर लिवलंय तसंच केलं. एक बी उपटलं न्हाई.”

मी मान खाली घातली. त्या कागदाच्या तळाशी माझं नाव होतं, प्रा. वर्षाराणी लोखंडे, जाड ठशात. मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं, की माझी चूक, सगळी माझी. मी ते हळू आवाजात म्हटलं. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही. ती निघाली होती.

“कस्तुरे,” सरुबाईने मागून हाक मारली. तिचा आवाज बदलला होता. ती भिंतीच्या कडेने वीसेक पावलं पुढे गेली होती आणि वाकून काही बघत होती. “येवढी कापलीस व्हय गं?”

“न्हाई आजी. माझी त्या दगडापस्तोरच हायेत. सात-आठ.”

“मंग ही कुनाची?”

आम्ही दोघी तिथे गेलो. भिंतीला लागून, थेट कोपऱ्यापर्यंत, खुंटच खुंट. शंभर तरी असतील. कस्तुराच्या खुंटांचे काप कालचे, तपकिरी पडलेले. हे हिरवे होते, काहींवर रस अजून ओला होता. आज सकाळी कुणी तरी इथे बसून सावकाश, नेटकेपणाने कापणी केली होती. प्रत्येक खुंट जमिनीपासून दोन बोटं.

मी एक उपटला. कांदा. त्याच्या शेजारचा. कांदा. वेड्यासारखे मी आठ-दहा उपटले. इथे कुली नव्हतीच, सगळा रानकांदा. कस्तुराच्या जुडीत सात-आठ कांद्यांचीच पाती गेली होती, तर तिचा नवरा तिकडे वायरींनी बांधला होता. इथून कुणी तरी पिशवी भरून नेली होती.

खुरपं सरुबाईला परत दिलं, कस्तुराला रिक्षात बसवून दिलं. मी ग्रुपवर लिहिलं, ‘कुणीही कुली खाऊ नका. खाल्ली असेल तर लगेच दवाखान्यात जा. पत्रक फाडून टाका.’ एकशे चाळीसपैकी एकतीस जणींनी वाचलं. बाकीच्या कामावर असणार. कंपनीच्या गेटवर फोन जमा करून घेतात, ते शिफ्ट सुटल्यावरच हातात येतात. आणि पत्रकं दोन हजार होती, त्यातली किती ग्रुपबाहेर गेली याची मोजदाद कुणाकडे नव्हती. पोलिसांना फोन केला, त्यांनी नाव-पत्ता लिहून घेतला आणि माणूस पाठवतो म्हणाले. डॉक्टरांना सांगितलं. मग काय करायचं ते सुचेना.

“दारं वाजवायची,” सरुबाई म्हणाली. “दुसरं काय? माझ्या चाळींपासनं सुरू करू.”

आम्ही एकेक दार वाजवत निघालो. “भाजी आणली का? टेकडीवरची?” कुणी हसलं, कुणी चिडलं, कुणाला वाटलं आम्ही मतदार यादीवाल्या. तीन ठिकाणी माझं पत्रक निघालं. एकीने ते देवाच्या फळीवर घडी करून ठेवलं होतं. मी मागितलं तर देईना, म्हणाली, कंपनीचा कागद हाय, उगं कशाला फाडू?

साडेसहाला जिन्यात कस्तुराचा फोन आला. “मॅडम, पिंपरीला पोचलो. मशीन लावलंय. ठोके पन्नासवर आलेत, मला वळखायलेत. डॉक्टर म्हणले, टायमावर कळालं म्हणून.” आता ती रडत होती. मी जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसले आणि मलाही रडू फुटलं. सरुबाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. “उटा बाई. आजून येक चाळ ऱ्हायलीय.”

तिसऱ्या चाळीचा वरचा मजला. इथे एकटी पोरं राहतात, चौघं-पाचजण मिळून एक खोली, कुणी परभणीचं, कुणी नांदेडचं. बहुतेक खोल्यांना बाहेरून कुलपं होती. शेवटच्या खोलीच्या दाराबाहेर सेफ्टी शूजचे चार जोड ओळीने ठेवले होते. कोपऱ्यात कचऱ्याची पिशवी, तिच्यातून लसणाची सालं आणि हिरव्या पातीचे शेंडे बाहेर आलेले.

दारावर माझं पत्रक चिकटवलं होतं. चारही कोपऱ्यांना पट्ट्या लावून, सरळ. चौथ्या सूचनेखाली कुणी तरी निळ्या पेनने रेघ मारली होती.

सरुबाईने कडी वाजवली. “ए पोरांनो! मी मालकीन. दार उघडा.”

दाराला आतून कडी होती. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. शेजारच्या खोलीतला एकजण बाहेर आला, म्हणाला, थर्ड शिफ्टवाले हायेत, झोपले असतील, दुपारी जेवताना लई हसत होते.

आत मोबाइलचा अलार्म सुरू झाला. थोडा वेळ वाजून थांबला, मग पुन्हा सुरू झाला, मग दुसरा वाजायला लागला. बंद करायला कुणी उठलं नाही.

सरुबाईने कमरेचं खुरपं काढलं आणि दाराच्या फटीत घातलं.